महाप्यातून हनोईला पगार

आमच्या कंपनीत भरतीचा मार्ग ठरलेला होता. नोकरीच्या साइटवर जाहिरात, ओळखीत दोन-चार फोन, आणि ठाणे ते पनवेल पट्ट्यात राहणारा कोणी मिळाला की मुलाखत. ऑफिस महापे एमआयडीसीत, माणसं विसाच्या आत. आम्ही गोदामांचं सॉफ्टवेअर करतो: माल आत, माल बाहेर, बारकोड, शीतगृहाचं तापमान. न्हावाशेवा बंदरामुळे उरण-पनवेलकडे गोदामं भरपूर, त्यावर आमचं बरं चाललं होतं. मी प्रोग्रामर नाही. हिशेब, बिलं, पगार, माणसं घेणं आणि अधूनमधून एसीवाल्याच्या मागे लागणं, हे माझं खातं.

२०२४ च्या उन्हाळ्यात एक जपानी गिऱ्हाईक मिळालं आणि घोडं अडलं. त्यांनी पाठवलेली कामाची फाइल एक्सेलची होती, पण तिच्यात आकडेमोड नव्हतीच. सगळे रकाने आणि ओळी बारीक करून अख्ख्या शीटचा चौकटीचा कागद केलेला, त्यावर स्क्रीनची चित्रं, बाण, टिपा, सगळं जपानीत. जपानी कंपन्यांत ही पद्धत सर्रास आहे म्हणे. मशीनकडून भाषांतर करून घेतलं की सुटी वाक्यं कळायची. कुठली टीप कुठल्या बाणाची, ते काही कळायचं नाही.

‘पुण्यात शोधा की’, हे मला प्रत्येकाने सांगितलं. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे, हे खरं. पण जपानी चांगलं येणाऱ्या पुष्कळांना कोड लिहायचा नव्हता, आणि ज्यांना दोन्ही येत होतं ते मोठ्या कंपन्यांत बसलेले. तिथून सुटायचं तर नव्वद दिवसांची नोटीस. त्या नव्वद दिवसांत आमची ऑफर दाखवून ते तिसरीकडे जास्त पगार मिळवणार, हा खेळ भरतीत पडलेल्या कुणालाही नवा नाही. एकाने तर रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मेसेज टाकून रजा घेतली, कायमची.

व्हिएतनामचं नाव गिऱ्हाइकाच्याच माणसाने काढलं. जपानी कंपन्या वर्षानुवर्षं तिथून सॉफ्टवेअर करून घेतात. एफपीटीसारख्या तिथल्या मोठ्या कंपन्यांचा बराच धंदा जपानशी आहे, त्यामुळे जपानी वाचणारे आणि कोडही लिहिणारे लोक तिथे तयार होतात. जपानी गिऱ्हाईक आणि प्रोग्रामर यांच्या मधे उभं राहणाऱ्याला ते ‘ब्रिज एसई’ म्हणतात. आम्हाला दोन माणसं हवी होती, भाषेची एन-टू परीक्षा पास झालेली आणि हातानेही काम करणारी.

आमच्या सरांनी मान डोलावली आणि ‘मॅडम, तुम्ही बघा’ म्हणून विषय माझ्या टेबलावर ठेवला.

आधी फ्रीलान्सरांच्या साइटवर पाहिलं. तिथे पहिल्या आठवड्यातच अर्जांचा पूर आला आणि त्यातला बराचसा गढूळ निघाला. एकाचा कॅमेरा प्रत्येक वेळी बिघडलेला. दुसऱ्याचा चालू होता, पण ओठ एक बोलत होते आणि कानावर दुसरंच येत होतं. एजन्सीवाल्यांची तऱ्हा निराळी: मुलाखतीला अनुभवी माणूस बसवायचा, काम मात्र कालच लागलेल्या पोराकडून करून घ्यायचं. त्याच सुमारास, जुलै २०२४ मध्ये, नोबिफोर या अमेरिकी सायबरसुरक्षा कंपनीने स्वतःहून जाहीर केलं होतं की त्यांनी घरून काम करणारा म्हणून घेतलेला इंजिनिअर उत्तर कोरियाचा तोतया निघाला. चोरलेली ओळख, एआयने फिरवलेला फोटो, आणि कंपनीचा लॅपटॉप हातात पडताच त्यावर घातक सॉफ्टवेअर चढवायला सुरुवात. ज्यांचा धंदाच लोकांना फसवणुकीपासून सावध करण्याचा, त्यांची ही गत. ती बातमी मी सरांना वाचून दाखवली आणि फ्रीलान्सरांचा नाद सोडला.

मग आयटीव्हिएक या तिथल्या आयटी नोकऱ्यांच्या साइटवर रीतसर जाहिरात दिली. अर्ज मोजके आले, पण धड आले. पूर्वीच्या नोकरीतल्या वरिष्ठांशी व्हिडिओवर बोलायचं आणि ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, या आमच्या अटींवर कोणी नाक मुरडलं नाही. एक गोष्ट लवकर कळली. व्हॉट्सॲपवर तिकडे कोणी सापडत नाही, सगळं झालोवर चालतं. ते ॲप फोनवर घेतल्यावर उत्तरं पटापट यायला लागली.

मुलाखतीसाठी आमच्या टेक लीडने, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रमुखाने, नेहमीची कोडी काढून टाकली. गिऱ्हाइकाच्या फाइलमधली तीन शीट घेतली, नावं पुसली, गिऱ्हाइकाला विचारून ती उमेदवारांना स्क्रीनवर दिली. प्रश्न एकच: यात काय चुकलंय? हनोईचा एक मुलगा दहाएक मिनिटं एक शब्द बोलला नाही. आम्हाला वाटलं, अडकला. त्याचा कर्सर उजवीकडे सरकत सरकत, जिथे आमच्यापैकी कोणी कधी गेलंच नव्हतं अशा रकान्यात पोचला. तिथे फिकट करड्या अक्षरांत एक टीप होती: सेन्सरकडून तापमान आलं नाही तर आधीचंच तापमान धरावं. मग तो दुसऱ्या शीटवर गेला. तिथे लिहिलं होतं, तापमान आलं नाही तर लगेच धोक्याची घंटा द्यावी. आणि मग आम्ही नुसतं मुखपृष्ठ समजत होतो ते पहिलं शीट त्याने उघडलं. त्यावर कुठला बदल कुणी कधी केला त्याची तारीखवार यादी होती. तुटक्या इंग्रजीत तो म्हणाला, घंटेचा बदल नंतरचा आहे, करडी टीप पुसायची राहिली असावी, तरी गिऱ्हाइकाला विचारा. टेक लीडने माइक बंद करून मला सांगितलं, ‘हा घ्यायचाच.’

दुसरी फेरी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवली होती. ७ सप्टेंबरला यागी वादळ उत्तर व्हिएतनामवर धडकलं. हनोईच्या मुलाने घरातली वीज गेल्याचं कळवलं, माफी मागितली, आणि फोनवरून बोलायची तयारी दाखवली. आम्हीच पुढची तारीख दिली. पाणी घरात शिरलं की माणसाचं काय होतं, हे २६ जुलै पाहिलेल्या आमच्यासारख्यांना कोणी सांगायला नको. मधल्या काळात दा नांगची एक मुलगीही पसंत पडली. ती चाचण्या करण्यात हुशार होती.

इथपर्यंतची भरती म्हणजे फक्त माणूस शोधणं होतं. कागदांचं काम आता सुरू झालं.

पहिली पायरी जपानला विचारण्याची. आमच्या करारात कलम होतं की काम तिसऱ्या कोणाकडे सोपवायचं तर आधी लेखी परवानगी हवी. त्यांनी विचारलेलं सगळं त्या दोघांबद्दल नव्हतं, यंत्रांबद्दल होतं: लॅपटॉप कोणाचा, कोड कुठे राहणार, स्क्रीनशॉट घेता येतील का. लॅपटॉप इथून पाठवायचा तर कस्टमचा घोळ, म्हणून आम्ही मुंबईतल्या क्लाउडवर मशीन देऊ केली, ज्यांवर ते दोघे तिथून दूरस्थ काम करतील. जपानी मंडळींना ते पटलं. सही यायला बराच वेळ लागला, पण आल्यावर पुन्हा एक प्रश्न आला नाही, हा त्यांचा गुण.

पुढचा प्रश्न असा की या दोघांना घ्यायचं कुठल्या नात्याने. आमची व्हिएतनाममध्ये कंपनी नाही, त्यामुळे तिथल्या कायद्याने नोकरीवर ठेवता येत नाही. सरांचं म्हणणं, ‘सल्लागार म्हणून करार करू, संपलं.’ संपत नाही. व्हिएतनामचा २०१९ चा कामगार कायदा २०२१ पासून लागू आहे. त्याच्या तेराव्या कलमात सांगितलंय की कागदाला नाव काहीही द्या, त्यात पगारी काम, मोबदला आणि एका बाजूची देखरेख असेल तर तो नोकरीचाच करार मानला जाईल. म्हणजे सल्लागाराला आपण ‘दहाला हजर राहा, सुट्टी विचारून घ्या’ असं लिहून दिलं की आपणच खड्डा खणला. हनोईच्या मुलाचं काम तसं मोकळं होतं, तो इतरांचीही कामं घ्यायचा. त्याच्याशी थेट करार केला. वेळ नाही, काम आणि मुदत लिहिली.

दा नांगच्या मुलीने पगाराआधी सामाजिक विम्याचं विचारलं. तिकडे बाळंतपणाची सहा महिन्यांची पगारी रजा त्या विम्यातून मिळते. नुकतं लग्न झालेली मुलगी ते का सोडेल? तिच्यासाठी मध्यस्थ कंपनी घेतली. ती तिथे तिला रीतसर नोकरीवर ठेवते आणि आपल्याला बिल पाठवते. अशा कंपन्या माणशी महिन्याला पाचशे-सहाशे डॉलरच्या घरात घेतात, वर मालकाचा विम्याचा हिस्सा साडेएकवीस टक्के. महाग आहे, पण कटकट शून्य. मला विचाराल तर तीच व्यवस्था दोघांना करायला हवी, असं माझं अजून मत आहे. सरांचं नाही.

कारण हनोईचा पगार पाठवणं म्हणजे दर महिन्याला एक छोटी परीक्षा आहे.

त्याने आकडा सांगितला दोन हजार डॉलर आणि पुढे एक शब्द जोडला, ‘नेट’. व्हिएतनाममध्ये पगाराची बोलणी बऱ्याचदा हातात पडणाऱ्या रकमेवर होतात. कराचं मालकाने पाहायचं. आमचे सीए नौपाड्यात बसतात. त्यांनी चष्मा काढून ठेवला की समजायचं, खर्च वाढणार. परदेशी माणसाला तांत्रिक सेवेचे पैसे देताना इथे टीडीएस कापावा लागतो. आपल्या कायद्याने तो २० टक्के, वर अधिभार आणि उपकर. भारत आणि व्हिएतनाममध्ये १९९४ चा दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्याने दर १० टक्क्यांवर येतो. पण नेट दोन हजार द्यायचे तर १० टक्के दोन हजारांवर मोजून चालत नाहीत. कर वजा जाऊन दोन हजार उरले पाहिजेत, म्हणजे मूळ रक्कम २,२२२ डॉलर धरायची आणि २२२ डॉलर सरकारजमा करायचे. एकट्या माणसाच्या व्यवसायासाठी करारातलं दुसरं कलम लावून इथे कर नाहीच, असंही म्हणता येतं, सीएंनी सांगितलं. ‘म्हणता येतं. पण नोटीस आली तर म्हणायला तुम्ही जाणार का?’ आम्ही १० टक्क्यांवर थांबलो.

तो सवलतीचा दर मिळवायचा तर त्याने व्हिएतनामचा करदाता असल्याचा दाखला आणायचा. शिवाय आपल्या आयकर पोर्टलवर पॅन नसलेला परदेशी म्हणून नोंद करून फॉर्म १०एफ भरायचा. त्याच्या तिथल्या कर कार्यालयात हा दाखला मागायला सहसा कंपन्या येतात, एकटा माणूस नाही; तो परत परत जाऊन आला. शेवटी मिळाला तो व्हिएतनामी भाषेत. मग इंग्रजी भाषांतर, मग त्यावर शिक्का. आमच्या पोर्टलवरच्या नोंदीसाठी आम्ही दोघे एका दुपारी स्क्रीन शेअर करून बसलो. नावाच्या रकान्याने आमचा अंत पाहिला. त्यांच्याकडे आडनाव पुढे आणि स्वतःचं नाव शेवटी येतं, अर्ध्या देशाचं आडनाव सारखंच वाटावं इतके न्गुयेन, आणि पासपोर्ट, दाखला, बँक खातं तिन्हीकडे क्रम एकसारखा हवा. त्याने पुढे सहा महिन्यांनी मला सांगितलं, त्या दुपारी काम सोडून द्यायचा विचार त्याच्या मनात आला होता.

मग जीएसटी. परदेशातून सेवा घेतली की त्यावरचा १८ टक्के कर आपणच भरायचा, उलट आकारणीने. एक लाख नव्वद हजारांच्या बिलावर ३४,२०० रुपये, आणि तेही रोखीने. खात्यात पडलेलं क्रेडिट, म्हणजे आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, त्यासाठी वापरता येत नाही. भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं, खरं. पण आमचं हे काम निर्यातीचं, एलयूटी म्हणजे हमीपत्र देऊन बिनकराचं. त्यामुळे ते क्रेडिट परतावा मागेपर्यंत तिथेच पडून राहतं. लहान कंपनीला हे पैसे अडकणं टोचतं, हे सरांना पटवायला मला एक कोरा कागद आणि अर्धा तास लागला.

बँकेचं प्रकरण वेगळंच. खात्याच्या शाखेत परदेशी पैसे यायचे, जायचे क्वचित, आणि गेले तर कोणाच्या तरी मुलाच्या फीचे. काउंटरवरच्या गृहस्थांनी परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म हातात घेऊन आपुलकीने विचारलं, ‘मुलगा शिकतोय का तिकडे?’ कंपनी पाठवतेय, सॉफ्टवेअरच्या कामाचे पैसे, पर्पज कोड एस०८०२, असं सांगितल्यावर त्यांनी मला वरच्या मजल्यावर पाठवलं. वरून परत खाली. सुरुवातीला आयकराच्या १५सीए फॉर्मवर भागलं. आर्थिक वर्षात एकूण रक्कम पाच लाखांवर गेली की १५सीबी, म्हणजे सीएचं प्रमाणपत्र, लागायचं. तिसऱ्याच पगाराला ती रेषा ओलांडली आणि तेव्हापासून नौपाड्याची वारी महिन्याच्या कामात बसली. पहिल्या पगारातून वाटेतल्या बँकेने परस्पर काही डॉलर कापून घेतले आणि नेट दोन हजार ते नेट राहिलेच नाहीत. ‘सगळे चार्ज पाठवणाऱ्याचे’ या पर्यायावर खूण करायची असते. आता मी फॉर्म भरताना आधी तीच खूण करते.

हे झालं पैशाचं. मला सर्वांत जास्त शिकवलं ते वकिलांनी, आणि तेही एका कलमाबद्दल. मी इंटरनेटवरून घेतलेल्या कराराच्या नमुन्यात ‘केलेलं काम आपोआप कंपनीच्या मालकीचं’ अशा अर्थाची अमेरिकी वळणाची ओळ होती. ठाणे कोर्टातल्या आमच्या वकीलसाहेबांनी ती सरळ खोडली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी असते, पण सल्लागाराने लिहिलेल्या कोडचा मालक तोच असतो. त्याने लेखी हस्तांतर करून द्यावं लागतं. आणि त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ‘तुमचं गिऱ्हाईक ओसाकाला,’ वकीलसाहेब म्हणाले, ‘आणि हक्क तुमचे कुलाब्यापर्यंत.’ शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही जातो, जोपर्यंत करारात तसं नाही असं लिहिलेलं नसतं. आम्ही सगळं लिहिलं: जगभर, कॉपीराइटची पूर्ण मुदत, वर्षाची अट लागू नाही. भांडण झालं तर काय, या माझ्या प्रश्नाला त्यांनी फी न वाढवता उत्तर दिलं, ‘एवढ्या रकमेसाठी हनोईला कोण जातंय? कोड रोज घ्या, पैसे महिन्यानंतर द्या.’

नोव्हेंबरमध्ये दोघांचं काम सुरू झालं. वेळेचा फरक फक्त दीड तासाचा, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. सकाळची बैठक साडेदहाला. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे, तिथून रिक्षा, म्हणजे साडेदहा हीच आमची खरी सुरुवात. पण आमचे साडेदहा म्हणजे त्यांचे दुपारचे बारा, आणि बारा ते दीड तिकडे जेवण आणि झोप. चक्क झोप, ऑफिसात दिवे मालवून, टेबलाशेजारी घडीच्या खाटा टाकून. दा नांगची मुलगी सुरुवातीला बैठकीत यायची ती अर्धवट जागी. तिने तक्रार केली नाही, टेक लीडनेच विचारलं. आता बैठक सव्वाबाराला. पहिल्या दीड तासात आमची मंडळी चहा पिऊन जागी होतात आणि तिकडची झोपून उठतात, त्यामुळे सगळे एकाच वेळी ताजे असतात. आपल्याकडे दुपारी डोळा लागला तर लाजतात. मला त्यांचा हेवा वाटतो.

इंटरनेटचा त्रास मात्र खरा आहे. व्हिएतनामचं बाहेरच्या जगाशी नातं समुद्राखालच्या मोजक्या केबलींवर आहे, आणि त्या वारंवार बिघडतात. जून २०२४ मध्ये तर पाचातल्या तीन एकदम बंद होत्या. केबल बिघडली की आमच्या मुंबईच्या मशीनवर काम करताना टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायला वेळ लागतो. टेक लीडने गिऱ्हाइकाची परवानगी काढून कोडचा काही भाग त्यांच्याच लॅपटॉपवर, कुलूपबंद डिस्कवर ठेवू दिला. तेव्हापासून रडगाणं कमी झालं.

आणि तेत. त्यांचं नवं वर्ष २०२५ मध्ये २९ जानेवारीला होतं, सरकारी सुट्टी २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी. सुट्टी धरून वेळापत्रक आखलं होतं. जपानलाही ते ठाऊक, कारण त्यांचे इतर पुरवठादारही तिकडचेच. मुलाने तेतआधी अवघडत एक विचारलं: तेरावा पगार मिळेल का? तिकडे तेतच्या तोंडावर तो देण्याची चाल आहे, दिवाळीच्या बोनससारखीच. करारात नव्हता. सरांनी दिला, अर्धा. त्या अर्ध्यालाही ९ ने भागून १० ने गुणून टीडीएस भरायला मी होतेच.

स्वस्त पडलं का, हे मला सगळे विचारतात. टीडीएसचा भार, प्रमाणपत्रांची फी, बँकेचे चार्ज, अडकलेला जीएसटी आणि मध्यस्थाचं कमिशन धरून पुण्याच्या त्या न आलेल्या माणसाएवढाच आकडा येतो, थोडा वरच. स्वस्तासाठी कोणी हे करू नये. त्याच पैशात इथला होतकरू पोरगा घ्यावा आणि शिकवावा. आम्ही जे विकत घेतलं ते त्या करड्या टिपेपर्यंत जाणारे डोळे होते, आणि ते इथे त्या वेळी मिळत नव्हते. पहिली आवृत्ती गेली तेव्हा जपानकडून आलेल्या त्रुटींच्या यादीत एकाच पानाचा मजकूर होता. टेक लीडला त्यावर कमी झोप लागली, मला नाही.

आता १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे आकडे वेगळे. सीएंनी चष्मा पुन्हा काढून ठेवला आहे. करदात्याचा दाखला वर्षावर्षाचा असतो, म्हणून हनोईच्या मुलाला यंदाचा आणायला पाठवलंय. या खेपेला भाषांतर आणि शिक्का आधीच करून आण, असं झालोवर लिहिलं. त्याने अंगठा पाठवला आणि खाली विचारलं की नेट पगार वाढवायचं कधी बोलायचं.